थुंकणारा कोळी कसा शोधावा, कसा बघावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही जुन्या कौलारू घरात रात्री नऊनंतर भिंतीवर टॉर्च मारली, तर चार-पाच प्रकारचे कोळी सहज दिसतात. त्यातला एक जाळं विणून वाट बघत बसत नाही, झेप घेत नाही, पळून पाठलागही करत नाही. सावकाश चालत येतो, भक्ष्य एक-दोन सेंटिमीटरवर आलं की थांबतो आणि त्याच्यावर थुंकतो. ती थुंकी चिकट धाग्यांची असते. डास असो, कसर असो की दुसरा कोळी, तो जागच्या जागी भिंतीला खिळतो.

हा कोळी जेमतेम चार-सहा मिलिमीटरचा आणि चालीला मंद, त्यामुळे तो आपल्या नजरेतून सुटतो. त्याला बघायला जंगलात जावं लागत नाही, महागडं सामानही लागत नाही. लागतो तो एका भिंतीसमोर शांत बसायचा तासभर वेळ. ज्यांनी कोळी कधी मुद्दाम पाहिलेला नाही, त्यांनी सुरुवात याच्यापासून करावी असं मला मनापासून वाटतं. मोठे जाळेवाले कोळी दिसायला देखणे असतात, पण त्यांचं काम बहुतेक वेळ वाट बघण्याचं. याचं काम डोळ्यांसमोर घडतं.

थोडी माहिती आधी घेऊ. या कोळ्यांच्या प्रजातीसमूहाचं शास्त्रीय नाव सायटोडिस. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेल याने १८०४ साली ते दिलं. हा माणूस मुळात पाद्री. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली तो तुरुंगात पडला होता, आणि कोठडीत सापडलेल्या एका दुर्मीळ भुंगेऱ्यामुळे अभ्यासकांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, त्यातून त्याची सुटका झाली. आज या समूहात दोनशेहून जास्त जाती मोजल्या जातात. बहुतेक उष्ण प्रदेशातल्या, काही माणसाच्या घरांबरोबर जगभर पसरलेल्या. आपल्या घरात दिसणारे कोळी बहुधा या दुसऱ्या गटातले.

पहिलं काम : भिंत निवडा

नवीन बांधलेल्या, प्लास्टिक पेंट मारलेल्या, घट्ट खिडक्यांच्या फ्लॅटमध्येही हा कोळी असू शकतो, पण तिथे शोधणं जिवावर येतं. जांभ्या दगडाच्या, चुन्याने सारवलेल्या भिंती, सांध्यांतल्या फटी, लाकडी माळा, वर मंगळुरी कौलं, असं घर उत्तम. शहापूर-वडगावकडच्या मागवाल्यांच्या जुन्या घरांत, खानापूर तालुक्यातल्या वाड्यांत, निपाणीकडच्या जुन्या वखारींच्या आडोशाला अशा भिंती अजून आहेत. घरातल्या घरात बघायच्या जागा म्हणजे न्हाणीच्या दाराची चौकट, देवघरामागची पोकळी, जुन्या फोटोफ्रेमच्या मागची बाजू, पुस्तकांचं कपाट, कोनाडे आणि माळ्यावर जाणाऱ्या जिन्याखालचा अंधार.

पुस्तकांचं कपाट मुद्दाम सांगितलं. जुन्या कागदाला कसर लागते, आणि कसर हे या कोळ्याचं आवडतं खाणं. घरातल्या इतर किड्यांवर आणि चक्क दुसऱ्या कोळ्यांवरही तो जगतो.

घर दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, आणि काय बघणार आहात ते सांगा. "आज्जी, रात्री जेवणं झाल्यावर तुमच्या सोप्याच्या भिंतीवर कोळी बघू का? मारत नाही, काढत नाही, नुसता बघतो," एवढं म्हटलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. उलट घरातली पोरं शेजारी येऊन बसतात. त्यांना बसू द्या, फक्त भिंतीवर फुंकर मारू देऊ नका.

घरात हा कोळी वर्षभर असतो. पण नवख्याने पाऊस ओसरल्यावर, गणपती ते दिवाळी या दिवसांत सुरुवात करावी. पावसाळ्यात वाढलेले डास, चिलटं, पाखरं तेव्हा घरात शिरलेली असतात आणि दिव्याच्या जवळच्या भिंतीवर खाण्याची चंगळ असते. ऐन पावसात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडे, भिंती इतक्या ओल्या असतात की टॉर्चच्या उजेडात सगळंच चमकतं आणि नजर ठरत नाही.

सोबत काय घ्यायचं

एक टॉर्च. तिच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा. बहुतेक कोळ्यांना लाल उजेड फारच कमी जाणवतो, त्यामुळे तुम्ही बघत असताना तो आपलं काम चालू ठेवतो. पांढरा उजेड फक्त शोधताना आणि फोटो काढताना. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलंही चालतं. वही, पेन्सिल, सहा इंची पट्टी. बसायला पाट किंवा बुटकं स्टूल, कारण उभं राहून तासभर एका जागी नजर टिकत नाही.

पायात बूट असू द्या. घराबाहेर परड्यात, जळणाच्या ढिगाजवळ किंवा दगडी गडग्यापाशी शोधणार असाल तर हा नियम मोडू नका. आपल्या भागात विंचू आहे, फुरसं आहे, आणि मण्यार रात्रीच बाहेर पडते, घरातही शिरते. फटीत बोट घालायचं नाही, दगड उचलायचा झाला तर आपल्याकडची कड खाली ठेवून पलीकडची कड वर करायची आणि नंतर तो होता तसाच ठेवायचा. कोळ्यापासून मात्र भीती नाही. थुंकणाऱ्या कोळ्याचे दात इतके बारके असतात की माणसाच्या कातडीत ते शिरू शकत नाहीत, आणि त्याची थुंकी अंगावर पडली तरी काही होत नाही.

ओळख : आधी पाठ, मग डोळे, मग पाय

बहुतेक कोळ्यांचा पुढचा भाग, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेला भाग, चपटा किंवा पुढे उंच असतो. याचा उलटा. पुढे ठेंगणा आणि मागे चढत जाणारा, घुमटासारखा फुगीर. बाजूने टॉर्च मारली की हा घुमट लगेच दिसतो. एकदा डोळ्यात बसला की पुन्हा चुकत नाही. त्या घुमटातच त्याचं सगळं शस्त्र आहे, त्याबद्दल पुढे.

डोळे सहा. कोळ्यांना साधारणपणे आठ डोळे असतात. याला सहाच, आणि तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. भिंगातून समोरून पाहिलं की एक जोडी मध्ये आणि दोन बाजूंना एक-एक दिसते.

पाय लांब, काटकुळे, बहुतेकदा त्यांवर काळसर कड्या. घरात राहणाऱ्या, पुष्कळ पसरलेल्या एका जातीत, म्हणजे सायटोडिस थोरॅसिकामध्ये, अंग पिवळसर-मळकट असून त्यावर गडद ठिपक्यांची नक्षी असते आणि पाठीवर दोन उभे पट्टे. सायटोडिस फुस्का ही दुसरी घरगुती जात पुष्कळ गडद, चॉकलेटी. तिसरी, सायटोडिस पॅलिडा, नावाप्रमाणे फिकी. ती घरापेक्षा झाडांच्या रुंद पानांखाली राहते.

घोटाळा कुठे होतो ते सांगतो, कारण नवखे इथेच अडतात.

कोपऱ्यात उलटा लटकलेला, खूप लांब पायांचा, हात लावला की गदगदा हलणारा कोळी हा नव्हे. तो विस्कटलेलं जाळं विणतो आणि त्यातच राहतो. भिंतीवर हाताच्या पंजाएवढा, चपटा, भर्रकन पळणारा कोळी तोही नव्हे. तो झुरळं खाणारा शिकारी कोळी. भिंतीवर पांढऱ्या चकतीएवढं छोटंसं जाळं करून त्याखाली बसणारा ठिपक्याएवढा कोळी आणखी वेगळा.

खरी काळजी एकाबाबत घ्यायची. लॉक्सोसेलिस नावाच्या कोळ्यालाही सहाच डोळे असतात आणि तेही तीन जोड्यांत. त्याच्या चाव्याने कातडीला जखम होऊ शकते, आणि भारतातूनही त्याची नोंद आहे. फरक सोपा आहे : त्याची पाठ चपटी, अंग एकरंगी तपकिरी, पायांवर कड्या नाहीत. पाठ घुमटासारखी नसेल तर तो थुंकणारा कोळी नाही, आणि ओळख पटेपर्यंत कुठलाच कोळी हातात घ्यायचा नाही. हा नियम पोरांना आधी शिकवा.

थुंकताना बघायचं असेल तर

इथे वेळ द्या. बाकीचं सगळं या एका क्षणासाठी आहे.

कोळी सापडला की त्याच्यापासून हातभर अंतरावर बसा. लाल उजेड तिरका ठेवा. तोंड बाजूला करून श्वास घ्या, कारण याची नजर अधू असली तरी पायांवरचे बारीक केस हवेची जराशी हालचालही टिपतात. तुमचा श्वास त्याला वाऱ्याच्या झोतासारखा लागतो आणि तो फटीत शिरतो.

तो चालतो ते बघा. पुढचे दोन पाय हवेत चाचपडत पुढे टाकतो, मग बाकीचे. मध्येच थांबतो. पाच-दहा मिनिटं हलत नाही. पुन्हा दोन पावलं. नवखा इथे कंटाळून उठतो. उठू नका. भिंतीवर एखादा डास बसलेला दिसला तर कोळी त्याच्या दिशेने जातो का ते बघा. जवळ गेल्यावर पुढच्या लांब पायांनी तो अंतराचा अंदाज घेतो, पण भक्ष्याला धडकत नाही. मग एक छोटासा हिसका. बस, तेवढंच दिसतं. तोपर्यंत डास भिंतीला जखडलेला असतो.

त्या हिसक्यात काय होतं ते कळलं की पुढच्या वेळी बघण्याला अर्थ येतो. पाठीच्या घुमटात विषाच्या दोन मोठ्या ग्रंथी असतात. प्रत्येकीचे दोन भाग : पुढच्यात विष, मागच्या मोठ्या भागात चिकट द्रव. छातीचे स्नायू आवळले की दाब तयार होतो आणि द्रव दातांच्या टोकाजवळच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर फेकला जातो. अमेरिकेत रॉबर्ट सुटर आणि गेल स्ट्रॅटन या अभ्यासकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं आणि २००९ साली मोजमापं मांडली. थुंकीचा वेग सेकंदाला जवळजवळ २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. सगळा प्रकार ३५ मिलिसेकंदांच्या आत आटोपतो. तेवढ्या वेळात दात डावीकडे-उजवीकडे हलत असतात, सेकंदाला शेकडो वेळा, कधी हजाराच्याही वर. इतक्या वेगाने हलवायला स्नायू पुरे पडणार नाहीत. जोरात पाणी सोडलेला पाइप हातातून सुटला की अंगणात जसा नाचतो, तसे द्रवाच्या दाबानेच दात थरथरतात, असं त्यांचं म्हणणं. दात हलत असतानाच कोळी तोंडाचा भाग वर उचलतो, त्यामुळे धागा सरळ न पडता नागमोडी पडतो. दोन दात, म्हणून दोन नागमोडी रेघा. मधला किडा दोन्ही बाजूंनी शिवला जातो.

आणखी एक गोष्ट. हे धागे पडताक्षणी आवळतात. म्हणजे किडा फक्त चिकटत नाही, भिंतीकडे ओढलाही जातो. जितका धडपडतो तितका कोळी आणखी थुंकतो. थुंकी किती वापरायची हे भक्ष्याच्या धडपडीवर ठरतं, हे सायटोडिस पॅलिडावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्याच प्रयोगांनी हेही दाखवलं, की नुसत्या थुंकीने किडा मरत नाही. मारतो तो चावा. थुंकल्यावर कोळी थोडा थांबतो, सावकाश जवळ जातो, चावतो, धाग्यांतून सोडवून घेतो आणि मग तासन्‌तास एका जागी बसून खातो.

मोबाईलवर हे टिपायचा मोह होतोच. स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेमचं असेल तर सगळी थुंकी फार तर आठ फ्रेममध्ये संपते. थुंकीचा प्रवास दिसणार नाही, पण आधीची आणि नंतरची स्थिती स्पष्ट कळेल. मोबाईल हातात धरू नका. विटेवर, डब्यावर टेकवून ठेवा.

थुंकी दिसली नाही तरी खुणा दिसतात

पहिल्या रात्री शिकार दिसेलच असं नाही. पण भिंत वाचता येते. ऑइलपेंट मारलेली भिंत, खिडकीची काच किंवा फरशी यांवर टॉर्च अगदी समांतर, भिंतीला घासून धरा. वाळलेल्या थुंकीच्या बारीक नागमोडी रेघा उजेडात चमकतात. कधी मध्ये डासाचा सुटा पाय अडकलेला असतो. जाळ्याचे धागे हवेत ताणलेले असतात, हे भिंतीला चिकटलेले असतात, हा फरक लक्षात ठेवा. अशी खूण जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली करून ठेवा, आणि पुढच्या रात्री त्याच्या आसपासच्या फटींपासून सुरुवात करा. हा कोळी फार लांब भटकत नाही.

अंडी घेतलेली मादी

कधीतरी तोंडाखाली गोल गाठोडं धरून चालणारी मादी दिसेल. ती अंड्यांची पिशवी. धागे इतके विरळ असतात की भिंगातून एक-एक अंडं मोजता येतं. साधारण वीस ते पस्तीस. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती पिशवी सोडत नाही. पिशवी दातांत धरलेली असताना तिला थुंकता येत नाही. थुंकायचं तर आधी पिशवी खाली ठेवावी लागते. म्हणून या काळात ती सर्वांत असहाय असते.

तिची ही अडचण तिच्या शत्रूला ठाऊक आहे. फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावर, लॉस बान्योस इथे पोर्शिया लॅबिएटा नावाचा उड्या मारणारा कोळी सायटोडिस पॅलिडाची शिकार करतो. समोरून गेलो तर थुंकीत सापडू, म्हणून तो लांबचा वळसा घालून मागून येतो. पण मादीच्या तोंडात अंडी असली की वळसा न घालता थेट समोरून जातो. त्याच बेटावर उंच डोंगरातल्या सगाडा गावात थुंकणारे कोळी नाहीत, आणि तिथल्या पोर्शियाला हा वळशाचा डाव येत नाही. उलट बाजूही तितकीच अचाट : आसपास पोर्शियाचा वास असला, की सायटोडिस पॅलिडाची अंडी वेळेआधी फुटतात. आई लवकर मोकळी होते.

हे वाचून तुमच्या भिंतीवरच्या मादीला डिवचून बघू नका. अंडी असलेली मादी दिसली की पांढरा उजेड बंद, फोटो एकच, आणि पुढचे दहा-पंधरा दिवस त्या कोपऱ्यात झाडू नाही. पिल्लं निघाल्यावर काही काळ ती आईजवळच राहतात. काही जातींत तर आईने मारलेलं भक्ष्य एकत्र खातात. पिल्लंही अगदी लहानपणापासून थुंकतात.

डबीत ठेवायचा का?

एक रात्र, फार तर दोन. भिंगाखाली डोळे नीट बघायचे असतील तर पारदर्शक डबीत, झाकणाला बारीक भोकं पाडून, कोपऱ्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवून. दुसरा कोळी सोबत ठेवू नका. दोघांतला एकच उरतो. नंतर ज्या फटीजवळून घेतला तिथेच सोडा. हातात न घेता कागदाच्या कपाने झाकून, खालून जाड कागद सरकवून उचला.

हे फक्त घरातल्या कोळ्यापुरतं. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात, जे २०११ साली जाहीर झालं, किंवा कुठल्याही राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही आणि रात्री शिरायचं नाही. जंगलालगतच्या गावात राहत असाल तर आपल्याच परड्यातल्या केळी, हळदीच्या रुंद पानांची खालची बाजू बघा, तिथे फिक्या रंगाचा थुंकणारा कोळी सापडू शकतो.

नोंद

तारीख, वेळ, गाव, घराच्या आत की बाहेर, जमिनीपासून किती उंचीवर, भिंत कशाची, अंडी होती का, काही खात होता का. एवढं लिहा. फोटो तीन : वरून, बाजूने घुमट दिसेल असा, आणि शेजारी पट्टी ठेवून. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकताना जातीचं नाव ठामपणे लिहू नका, नुसतं सायटोडिस लिहा. जात ठरवायला बहुतेकदा प्रौढ कोळ्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात, रंगावरून अंदाज तेवढा बांधता येतो. सीमाभागातल्या घरांतल्या कोळ्यांच्या नोंदी आपण नाही ठेवल्या तर दुसरं कोण ठेवणार, म्हणून आळस करू नका.

शेवटी दसऱ्याच्या झाडलोटीबद्दल. घासून-पुसून, भांडी-अंथरुणं धुऊन घर लख्ख करायची आपली रीत चांगलीच आहे. फक्त जळमटं काढताना क्रम बदला : आधी टॉर्च मारून कोपरा बघा, लांब पायांच्या कोळ्याचं जाळं काढायला हरकत नाही, पण घुमटाच्या पाठीचा कोळी दिसला तर त्याला कपात घेऊन माळ्यावर किंवा जिन्याखाली सोडा, आणि पुस्तकांच्या कपाटामागची एक फट झाडूशिवाय राहू द्या. तिथे फवाराही मारू नका, कारण त्याने कसरीबरोबर कसर खाणाराही मरतो.